शाल मिळाली, प्रमाणपत्र नाही

मंडळी, आज डोकं लई फिरलंय, म्हणून इथं लिहितेय.

मालदीवच्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी लागलीय. व्हिसाच्या फाईलमध्ये आता एकच कागद कमी आहे, अनुभवाचं प्रमाणपत्र. ते आणायला, आधी फोनवर सांगून, आज बजाजनगरच्या माझ्या जुन्या शाळेत गेले. तिथं मी सहा वर्षं दहावीला शिकवलंय.

बघते तर गेटवर भलामोठा फ्लेक्स! 'आमच्या गणित शिक्षिकेची परदेशात निवड, हार्दिक अभिनंदन!' खाली माझं नाव, माझा फोटो अंगठ्याएवढा, संस्थेच्या अध्यक्षांचा दाराएवढा. आत गेले तर शाल, नारळ, पेढे. मुख्याध्यापकांनी भाषणसुद्धा केलं, "मॅडमनी शाळेचं नाव सातासमुद्रापार नेलं."

टाळ्या थांबल्यावर मी प्रमाणपत्र मागितलं. सरांचा चेहराच उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही मानधनावर होतात. शिक्षिका होत्या असं लेखी दिलं तं उद्या तुम्ही कायम करा म्हणून कोर्टात जाताल. अध्यक्षसाहेब नाय म्हणलेत."

"सर, मी देश सोडून चाललेय. कोर्टात कधी जाऊ?"

"ते खरंय, पण लेखी नाय देता येणार."

"मग तो फ्लेक्स कशाला लावलाय?"

"ॲडमिशन सुरू हायेत ना, मॅडम."

सोमवारी फाईल द्यायचीय. निघताना गेटवर थांबून त्या फ्लेक्सचा फोटो काढून आणलाय. माझं नाव, विषय, शाळेचं नाव, अध्यक्षांचा हसरा चेहरा, सगळं आहे त्यात.

व्हिसाचं काम केलेल्यांनी खरं सांगा, नोटरी करून तोच जोडू का?