कोंबडीला येतं, मग मला का नाही

ऑक्टोबर २००४, दुसरा शनिवार. सोलापूरच्या एसटी स्टँडवर मला सोडायला तिघं आली होती: वडील म्हणजे आप्पा, आई म्हणजे आव्वा आणि धाकटा भाऊ शिवा. सामान तेवीस किलो. पेशीविज्ञानात पीएचडी करायला मी जर्मनीला निघालो होतो. आप्पा खिडकीशी येऊन म्हणाले, "बसू, पोचलास की फोन कर."

फोन केला. "आप्पा, इथं थंडी फार आहे." तिकडून उत्तर आलं, "व्हय व्हय, जेव पोटभर." खोली चौथ्या मजल्यावर आहे म्हटलं, तर "बरं झालं की." असे सहा फोन झाले. सातव्या वेळी मी मुद्दाम विचारलं, "आप्पा, माझं नाव काय?" "व्हय व्हय, जेव की."

आप्पा वळसंगची शेती सोडून भवानी पेठेत आले आणि एकतीस वर्षं यंत्रमागावर राबले. मागांच्या खडखडाटात कुणाचंच ऐकू येत नाही, म्हणून कामगार एकमेकांचे ओठ वाचतात. घरी आम्ही सगळे समोरासमोर बसून बोलायचो. त्यांना ऐकू येत नाही, हे आमच्यातल्या एकालाही कधी कळलं नाही. मी घर सोडलं तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी प्रयोगशाळा निवडायची होती. मी कानाची निवडली. आवाज टिपणाऱ्या केसपेशी प्रत्येक कानात जन्मतः सुमारे पंधरा हजार असतात. माणसात मेलेली पेशी पुन्हा येत नाही, पक्ष्यांत येते. आम्ही स्टेम सेलपासून त्या वाढवायला बघतो. एका सुट्टीत हे आप्पांना समोर बसून सांगितलं. त्यांनी विचारलं,

"कोंबडीला येतं, मग मला का न्हाय?"

"त्याच प्रश्नाचा पगार घेतोय, आप्पा."

"मग कोंबडीलाच विचार की," आव्वा म्हणाली. "ती पगार मागणार न्हाय."

दोन वर्षांपूर्वी जुळे सोलापूर वस्तीतल्या घरून शिवाचा फोन आला. एका दवाखान्यात कानात स्टेम सेलचं इंजेक्शन देतात. आप्पांचा नंबर लागलाय, गुरुवारी जायचंय. मी थांब म्हटलं, तर तो भडकला. "अण्णा, वीस वर्षं तू हेच करतोयस. आता कुणीतरी देतंय, तर तुला का टोचतंय? का तुझं औषध गोऱ्यांनाच?"

आप्पांना फोनवर समजावणं शक्य नव्हतं. मंगळवारी मी सोलापुरात पोचलो. शिवाच्या गॅलरीत, तोंडावर उजेड पडेल असा आप्पांसमोर बसलो.

त्यांनीच आधी विचारलं. "तुजं औषध माज्या हयातीत येतंय का?"

"नाही."

"आनि ह्यांचं?"

"मी त्यांना विचारलं. किती जणांना दिलं, किती जणांना ऐकू आलं, एकही आकडा त्यांच्याकडे नाही. आता येतं तेवढं ऐकू येणंही बंद होऊ शकतं."

आप्पा शिवाकडे वळले. त्याला म्हणाले, "न मोजता कापड देनाऱ्याकडनं आपन घेत न्हाय. नंबर रद कर." आणि माझ्याकडे न बघता, "मला वाटायचं, एकदा येताना तू घिऊनच येशील."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

श्रवणयंत्र बसवलं. दिवसातून दोन तास घालतात, मग डबीत. "भांडी लई वाजत्यात."

जर्मनीत आता माझं घर आहे, बायको आहे, दोन मुली आहेत. तिथं आम्ही एकमेकांकडे पाठ करून, वेगवेगळ्या खोल्यांतून बोलतो. सोलापूरशी बोलायचं तर दिवा समोर घ्यावा लागतो, ओठ दिसावे लागतात, हातातलं काम सोडावं लागतं. माझ्या लेखी घर ते.

दर रविवारी व्हिडिओवर आप्पा पहिला प्रश्न प्रयोगशाळेतल्या ताटल्यांत वाढवलेल्या पेशींचाच करतात. "ह्या हप्त्याला किती ताटल्या जगल्या?"

"चाळीसपैकी अकरा."

"मागं नऊ व्हत्या." त्यांचा हिशेब पक्का असतो. गेल्या रविवारी मात्र पुढचंही विचारलं. "मग एकोनतीस कशानं मेल्या?"

आम्ही जगलेल्याच तपासायचो. मेलेल्या धुऊन टाकायचो.

"बघितलं नाही, आप्पा."

"बघ की मग."

सोमवारी मी एकही ताटली धुऊ दिली नाही.