तंबूतल्या राणीचा मुकुट

श्रावण वद्य नवमी. भाकरी-कालवण उरकून मी गौरीच्या मुकुटासाठी भिजवलेला कागद पाट्यावर वाटायला घेतला होता. मिरची-लसणाचा वास लागू नये म्हणून पाटा आधी राखेनं घासून घेतला. लढाईचे दिवस होते, कोरा कागद बघायलाही मिळत नव्हता. रद्दीसुद्धा वाणी पुड्यांसाठी जपून ठेवत. म्हणून घरातली जुनी पंचांगंच भिजत घातली होती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी बसून डाळ निवडत होत्या.

"यंदा गौरीच्या डोस्क्यावर समदी नक्षत्रं बसत्याली," त्या म्हणाल्या. "अमुशा बी आन गिराण बी."

"वाटल्यावर काय कळतंय, आत्याबाई? अमुशा कुटली नि पुनव कुटली."

"तुज्या सासऱ्याला सांग ह्ये. त्येंच्या डोस्क्यातलं हाय ना समदं!"

ते खरं होतं. चैत्रात विट्याला सिनेमाचा तंबू आला होता. कुठलासा पौराणिक बोलपट होता. आम्ही घरातली सगळी गेलो होतो, शेजारची चाचीही बरोबर होती. बायकांची बाजू दोरी बांधून वेगळी केलेली. खाली पोतं अंथरून बसायचं. वारा आला की पडदा फुगायचा आणि राणीचा महाल तळ्यातल्या सावलीसारखा हलायचा. मागून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात धूळ आणि पाखरं तरंगत होती. काही पाखरं तर पडद्यावर जाऊन राणीच्या गालावर बसायची. मी तशी स्वप्नं बघणारी बाई नाही. घरी जाऊन विरजण लावायचं आहे हे मला तिथंही आठवत होतं. पण राणी जिना उतरून खाली आली, तिच्या डोक्यावरचा मुकुट आधी दिसला आणि मग चेहरा, तेव्हा विरजण माझ्या डोक्यातून गेलं. उंच मुकुट होता. कडेनं दिव्याच्या ज्योतीसारख्या पाकळ्या, पुढं मोर, मोराच्या छातीवर एक मोठा खडा. तिथंच फीत तुटली. जोडून पुन्हा लावली तेव्हा राणी तोच जिना पुन्हा उतरली. त्यामुळं मुकुट सगळ्यांच्या मनात पक्का बसला.

घरी येताना वाद सुरू झाला. आत्याबाई म्हणाल्या, राणीचं लुगडं गुलबक्षी होतं. चाची म्हणाली, हिरवं. आणि मामंजी, माझे सासरे, म्हणाले, "लुगडं ऱ्हाऊ द्या. त्या मुकुटाचं सोनं कसाचं न्हाई. तांबं लय हाय त्यात. खडा मातूर खरा. पाचू हाय."

"आवं भावजी, सिनेमात रंग कुटं दिसतोय?" चाची हसून म्हणाली. "समदं राखेवानी."

"तुला दिसत नसंल. मी जनम काढलाय सोन्यात."

आमच्या घरात हे ऐकून कुणी हसलं नाही. सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्यांची घरं ही अशीच. पुठ्ठ्याचा मुकुट, तोही बिनरंगाच्या पडद्यावरचा, आणि आम्ही त्याचा कस काढत घरी आलो. गंमत अशी, की त्या रात्री मलाही स्वप्नात तो मुकुट पिवळाधमक दिसला. कुणी विचारलं असतं तर मीही शपथेवर सांगितलं असतं.

मामंजींनी मद्रास मुलखातल्या एका शहरात जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान टाकलं होतं. भट्टीच्या धगीनं आणि तेजाबाच्या वाफांनी डोळे अधू झाले तसं माझ्या नवऱ्यानं दुकान हातात घेतलं आणि त्यांना गावी आणून सोडलं. तेव्हापासून ते ओसरीवर बसून होते. गौरीच्या सणाला मुलगा येईल तेव्हा त्याच्याबरोबर आपण परत जायचं आणि भट्टीपुढं बसायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. डोळे आता बरे आहेत असं ते सगळ्यांना सांगत. गौरीसाठी राणीसारखा मुकुट करायचा घाट त्यासाठीच होता. बघू दे पोराला, बापाचा हात आणि नजर अजून शाबूत आहे.

मी लग्नानंतर काही वर्षं त्या दुकानामागच्या खोलीत राहिले होते. भट्टीवरच्या मुशीतलं वितळलेलं सोनं कधी ओतायचं हे घड्याळ सांगत नाही, रंग सांगतो. जरा चूक झाली की माल वाया जातो आणि माणूसही भाजतो. त्यामुळं त्यांचे डोळे खरंच बरे आहेत का, हे मला कळायला हवं होतं.

लगद्यात मेथीचं पीठ घातलं, म्हणजे किडा लागत नाही. चिंचोक्याची खळ करून ओतली. चाचीचं माहेर कडेगावचं, तिचे भाऊ मोहरमच्या ताबुतांचं काम करणारे. तिनं बांबूच्या कामट्या तासून आणून दिल्या, बेगड आणि सरसही दिला. पितळी वाडगं पालथं घालून, त्याला राख चोळून, मामंजींनी त्यावर लगदा थापला. हात खरंच चांगला होता. जाडी सगळीकडे एकसारखी. मोराची मान त्यांनी बोटांनीच वळवली, आणि ती राणीच्या मोरापेक्षा बरी झाली असं माझं मत आहे. श्रावणातलं ऊन येऊन जाऊन असायचं. ऊन आलं की मी मुकुट अंगणात ठेवायची, ढग आला की चुलीच्या वैलाजवळच्या उबेला. असा तो घरभर फिरत होता. दुपारी ओसरीवर डोळा लागायचा आणि उघडला की अंगणात तो पांढरट मुकुट दिसायचा, खाली डोकं नसलेला, आजूबाजूला कोंबड्या. घडीभर आपण कुठं आहोत ते समजायचं नाही.

मग रंग. करवंट्यांमध्ये पिवडी, तांबडा हिंगूळ, हिरवा आणि काजळी असे रंग सरसात कालवून मी त्यांच्यापुढं ओळीनं मांडायची. डोक्यावर पदर घेऊन दाराच्या चौकटीशी बसायची. ते हात पुढं करायचे, बरोबर करवंटीत कुंचला बुडवायचे. सगळा मुकुट पिवळा केला, पाकळ्यांच्या कडा काळ्या केल्या. कुठं चूक नव्हती. मला वाटलं, मीच उगाच शंका घेते.

खड्याच्या दिवशी मी करवंट्या पुन्हा मांडल्या आणि त्यांची जागा बदलली. मुद्दाम नव्हे. हिंगूळ जरा घट्ट झाला होता, ढवळायला जवळ घेतला आणि हाताला आला तसा ठेवला.

"आता पाचू," मामंजी म्हणाले. त्यांनी कुंचला हिंगुळात बुडवला आणि खडा तांबडालाल केला. मान मागं घेऊन बघितलं. "कसा हिरवागार! ह्याला म्हन्त्यात पाचू."

मोराची मानही त्यांनी त्याच रंगानं रंगवली आणि मी सरस ढवळत राहिले. म्हणजे ते रंग बघत नव्हते, जागा लक्षात ठेवत होते.

संध्याकाळी मी आत्याबाईंना सांगितलं. त्या चुलीपुढं होत्या.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "ताटात चटणी कुटं, लोनचं कुटं, मीच सांगती रोज. घास चुकंल म्हून."

"मग ते भट्टीपुढं कसे बसणार?"

"त्ये मला इचारू नगं. तितं जायाचं म्हून तर सकाळी उटत्यात. जायाचं न्हाई म्हनलं की मानूस बसलंच म्हन."

गौरी आल्या त्याच दिवशी कराडच्या मोटारीनं माझे यजमान आले. मी त्यांना आडोशाला गाठून सगळं सांगितलं. ते पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभे राहिले. "मी कसं सांगू दादांना? माजी छाती न्हाई हुयाची," म्हणाले. "जाऊ दे, नेतो. दुकानात बसवीन कुटंतरी."

"ते बसतील का कुटंतरी?"

मामंजी बसणार नाहीत हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. भट्टीकडं जाणार, आणि बापाच्या हातातली पक्कड काढून घ्यायची मुलाची टाप नव्हती.

दुसऱ्या दिवशी गौरीचं जेवण. पितळी मुखवट्यावर मुकुट बसवला. समयांच्या उजेडात पाकळ्यांवर लावलेला बेगड असा काही लकलकत होता, की बाई आत्ता जिना उतरेल असं वाटावं. बायका येत, हात जोडत आणि मग हळूच म्हणत, "ह्यो तंबूतल्या राणीचा न्हवं?" मामंजी पाटावर ताठ बसून होते. मुलगा जेवून उठला तसं त्यांनी विचारलं, "काय रं, पाचू कसा जमलाय?"

यजमानांनी मुकुटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "लय झकास, दादा."

"आन रंग?"

"रंग बी."

चाची उंबऱ्यात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला. आत्याबाई वाढता वाढता थांबल्या.

आमच्या घरात नवरा समोर असताना सुनेनं सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती. काही सांगायचं झालं तर सासूच्या कानात सांगायचं. मी पुरणाचं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाले, "मामंजी, खडा तांबडा हाय."

मामंजींनी हात पुढं केला. यजमानांनी मुकुट उतरवून त्यांच्या हातात दिला. त्यांनी खड्यावरून बोट फिरवलं, मग मोराच्या मानेवरून. बोटाला रंग कळत नाही.

"कवापासनं जानतीस?"

"रंगवलात तवापासनं."

"मग आज का बोललीस?"

"उद्या तुमी निघणार म्हणून."

त्यांनी मुकुट मांडीवर ठेवला. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, ते मला सोसता येतं.

"आन त्या राणीचा कसला हुता गं?" त्यांनी विचारलं.

"तिथं रंगच नव्हता, मामंजी. कुणालाच दिसला न्हाई."

"म्हंजी तितं आपुन समदी सारकीच हुतो," ते म्हणाले आणि थोडं हसले. मग मुलाकडं मुकुट दिला. "ठेव जाग्यावर. तांबडा तर तांबडा. आन मुशीजवळ दुकानातल्या नव्या पोराला एकट्याला बसवू नगंस. वतायच्या आदी सोनं कसं दिसतं, त्ये मी तुला सांगतो, त्ये त्याला सांग."

मग दोघं ओसरीवर गेले. दुपारभर मामंजींचा आवाज येत होता: तांबं असलं की कडेला कसा हिरवट पापुद्रा धरतो, चांदी असली की सोनं कसं फिकं पडतं. मी भांडी घासताना ऐकत होते. ज्यांना आता दिसत नव्हता तो रंग ते इतका नीट सांगत होते, की माझ्या परातीतलं पाणी मला क्षणभर पिवळं वाटलं. आत्याबाई आत येऊन म्हणाल्या, "लय बोललीस हो," आणि राखेची करवंटी माझ्यापुढं सरकवली. त्या रागावल्या होत्या की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी प्रवासासाठी भरून ठेवलेली ट्रंक उघडली. मामंजींची धोतरं आणि सदरे बाहेर काढून खुंटीवर टाकले. मोकळ्या झालेल्या जागेत यजमानांसाठी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि कडक भाकऱ्यांची चवड बसवली, आणि गौरीच्या दहीभाताचा तांदूळ धुवायला घेतला.