भर मांडवात नवरदेवावर हात कोणी टाकला?

आष्ट्यातल्या आमच्या घरात देवांच्या शेजारी व्हीसीआर होता आणि त्यालाही मी रोज अगरबत्ती ओवाळायचो. माझी केबल त्याच्यावर चालायची आणि केबलवर माझं लग्न अडलं होतं! सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याची मुलगी, सुनंदा, मला सांगून आली होती. मध्यस्थ होते आष्ट्यातच राहणारे तिचे मामा. त्यांचं म्हणणं एकच, धंदा चालता पाहिजे.

नेमका तेव्हाच गावात दुसरा केबलवाला आला. त्याच्याकडे चॅनेल जास्त. माझी गिऱ्हाईकं गळायला लागली. पण मी हटणारा नव्हतो! दुपारच्या पिक्चरखाली मी एक पट्टी सोडली, 'आष्ट्यात बिबट्या? पाहा उद्या दोन वाजता!' गावानं दारं लावून पाहिलं. (बिबट्या आफ्रिकेतला निघाला. पण प्रश्नचिन्ह मी दिलं होतं की!)

मग मला सुचली ती जबरी पट्टी. मी लग्नांचं शूटिंगही करायचो, त्यामुळे निम्म्या गावाच्या कॅसेटी माझ्या कपाटात. मी लिहिलं, 'भर मांडवात नवरदेवावर हात कोणी टाकला? पाहा रविवारी दोन वाजता!' कॅसेट माझ्या बहिणीच्या लग्नाची, आणि हात टाकणारा मीच. कानपिळीला दाजींचा कान पिळला होता. नवरीच्या भावाचा मानच असतो तो.

पण पट्टीत नाव नव्हतं, आणि तिथंच सगळा घोळ झाला. संध्याकाळपासून एकेक लग्नघर आमच्या दारात. शेजारच्या काकूंच्या थोरल्यानं म्हणे नवरदेवाला घोड्यावरून खाली ओढलं होतं, तेवढं कापून टाक. एका निवृत्त सुभेदारांनी तर बजावून सांगितलं, की आपण हात टाकलाच नव्हता, लाथ घातली होती. तेव्हा आपली कॅसेट यात बसत नाही! यातलं एकही माझ्या कॅमेऱ्यात नव्हतं. (मी तेव्हा पंगतीत असणार.) एका वाक्यात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला असता. पण ते वाक्य सांगितल्यावर रविवारी बघणार कोण? आई म्हणाली, सांगून टाक, नाहीतर मार खाशील. मी ठाम.

शनिवारी खुद्द मामा आले. पाणी प्यायले आणि आवाज खाली करून म्हणाले,

"जिलेबी संपली म्हणून जावई ताटावरनं उठला, तवा माझा हात सुटला गड्या. तेवढं काप."

"मामा, रविवारी दोन वाजता..."

"मग सुनंदाचं इसर."

सुनंदा मला मनापासून आवडली होती. तरी पट्टी मी काढली नाही. असलं हट्टी गाढव मी स्वतःखेरीज दुसरं पाहिलेलं नाही!

रविवारी दोन वाजता सगळं गाव टीव्हीपुढे. मी कान पिळला, दाजी हसले, त्यांनी मला टॉवेल-टोपी दिली आणि संपलं. कॅसेट थांबायच्या आत लोक दारात हजर! फसवलं याचा राग कमीच होता. आपली भानगड आपल्याच तोंडानं सांगून बसलो, याचा जास्त होता. दुसऱ्या दिवशी निम्म्या गावानं माझी वायर कापली आणि दुसऱ्याची घेतली. धंदा बसला, म्हणजे लग्नही मोडलं, असं धरून मी दाढी वाढवायला घेतली.

तेवढ्यात मामा पुन्हा आले.

"पोरगी तुलाच द्यायची ठरीवलंय," ते म्हणाले. "आमचं एवढं ठाव असल्याला माणूस भाईर ठिवण्यापरीस घरात घेतल्याला बरा."

असं माझं लग्न झालं. पहिल्याच आठवड्यात सुनंदानं घरभर फिरून पाहिलं आणि खाटेवर बसून विचारलं,

"मामांनी मला काय सांगितलं होतं माहितीय? मुलगा टीव्हीत आहे, अख्खं गाव त्याला बघतं!"

"मग त्यात खोटं काय आहे?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "म्हणून तर परत जाता येत नाही."