ग्रामसभेला जाणाऱ्या आक्का

ग्रामसभा असली की आक्का दुकान बंद करायच्या. एरवी सणावारालाही उघडं असणाऱ्या त्या किराणा दुकानाला कुलूप दिसलं, की गल्लीतली माणसं म्हणायची, "चालल्या आक्का मीटिंगला." धुतलेलं इरकल नेसून, कपाळाला विभूती लावून त्या पंचायतीसमोरच्या सतरंजीवर अगदी पुढे जाऊन बसत. त्यांच्या मागची सतरंजी बहुतेक वेळा रिकामीच असे.

आमचं गाव जळकोटच्या अलीकडे, हायवेला लागून. आक्का सीमेपलीकडच्या कानडी घरातून इथं नांदायला आलेल्या. त्यांच्या मराठीचा हेल अखेरपर्यंत कानडीच राहिला; लहान मुलींना त्या 'यव्वा' म्हणायच्या. नवरा लवकर गेला. मुलगा सोलापूरला नोकरीला लागला, तो तिकडचाच झाला. दिवसभर दुकानात ये-जा असे, पण जेवायला त्या एकट्या. कधी मला हाक मारून म्हणत, "बस गं यव्वा जरा. भाकरी एकटीनं गिळवत न्हाय."

मी गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले. पुढे धाराशिवला नोकरी लागली, तरी सुट्टीला गेले की आक्का पहिली बातमी शाळेचीच सांगत. वरच्या वर्गांच्या खोल्या गळायला लागल्या होत्या. पंचायतीनं दुरुस्ती करावी, असा विषय त्यांनी ग्रामसभेत मांडला. पुरेशी माणसं नाहीत म्हणून सभा तहकूब झाली. तहकूब सभा पुन्हा भरली की माणसं किती आली, हे मग कुणी बघत नाही. त्या सभेत सरपंचांनी पैसे वेशीवरच्या कमानीसाठी मंजूर करून घेतले.

आक्का उठून उभ्या राहिल्या. "कमानीखाली बसून शिकनार हायत का पोरं?"

सरपंच शांतपणे म्हणाले, "आक्का, गावाला शाळा पायजे असती तर गाव आलं असतं की इथं."

ते बोलणं त्यांना लागलं. पुढच्या सभेआधी त्या घरोघर फिरल्या. मी सोबत होते. सगळ्यांनी बसवून चहा दिला आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, "तुमी हायत की आक्का. तुमी बोला, आमी तुमच्या मागं हाव." परत येताना आक्का म्हणाल्या, "मागं हायत म्हनं. मला तर कुनी दिसत न्हाय."

आमच्याकडे पंचायतीत कोण जाणार ते देवळात बसून ठरायचं. निवडणूक बिनविरोध होते, याचा गावाला अभिमानही होता. त्या वर्षी मात्र आक्कांनी आमच्या वॉर्डातून अर्ज भरला. लोक नाराज झाले. आक्का म्हणाल्या, "इचारू द्या तरी लोकांना." मतदानाच्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं आले, मत दिलं आणि शाळेबाहेर थांबले. गल्लीतले निम्मे लोक फिरकलेच नाहीत. कुणी सोयाबीन काढायला गेलेलं, कुणी तुळजापूरला दर्शनाला. बरेच जण तर घरीच होते. आक्का थोडक्या मतांनी पडल्या.

निकालानंतरच्या सकाळी दुकान वेळेवर उघडलं. मी तिथंच बसले होते. शेजारचे काका साखर न्यायला आले.

"आक्का, तुमी निवडून यायला पायजे हुतं. लई वाईट वाटलं."

"तुमी आलता का मत द्यायला?"

"न्हाय. म्हनलं, तुमी येताच निवडून."

आक्कांनी साखर तोलली, पुडी बांधली. "मलाबी तसंच वाटलं हुतं," म्हणाल्या. काका गेल्यावर त्या बराच वेळ तराजूचं पारडं पुसत राहिल्या.

खोल्या गळतच राहिल्या. ज्यांना परवडत होतं त्यांनी मुलं जळकोटच्या इंग्रजी शाळेत घातली. पट घसरला आणि पाचवी ते सातवीचे वर्ग बंद झाले. उरलेल्यांना एसटीनं जळकोटला जावं लागलं. मुलगे जात राहिले. मुली एकेक करून घरी बसल्या. आक्का त्यांच्या आयांशी जाऊन भांडल्या. मग गुडघ्यांनी दगा दिला, आणि मुलगा त्यांना सोलापूरला घेऊन गेला.

आक्का आता नाहीत. गावात त्या शेवटच्या आल्या, त्या पुढच्या निवडणुकीला. आईला बरं नव्हतं म्हणून मी गावीच होते. सोलापूरच्या गाडीतून त्या काठी टेकत एकट्याच उतरल्या. मुलानं पेपरातून तालुक्यातल्या मतदानाची तारीख वाचून दाखवली होती. त्या आल्याचं कळून मी पोचले तेव्हा त्या शाळेच्या फाटकाशी उभ्या होत्या. आतून पाढ्यांचा आवाज येत होता. मतदान असतं तर शाळा भरलीच नसती.

"बिनविरोध झालं, आक्का," मी म्हणाले. "या खेपेला दुसरा अर्जच आला नाही. तुम्हाला कळवायचं कुणाला सुचलं नाही."

त्यांनी आतल्या आवाजाकडे कान दिला. मग म्हणाल्या, "असू दे. पाढे तरी ऐकायला मिळाले."

संध्याकाळी मी त्यांना हायवेवर सोडायला गेले. जळकोटहून सोलापूरकडे जाणारी गाडी थांबली. आधी दप्तरं घेतलेल्या दोन मुली उतरल्या.

"बाकीच्या कुठं हायत, यव्वा?"

"आमी दोघीच जातो, आजी."

गाव रस्त्याच्या पलीकडे. ट्रक सुसाट जात होते. मुली कडेला थांबून वाट बघू लागल्या.

"चढा आजी, लवकर," कंडक्टर म्हणाला.

आक्कांचा एक पाय पायरीवर होता. तो त्यांनी खाली घेतला. "जावा तुमी. मी मागच्या गाडीनं येते."

गाडी निघून गेली. आक्कांनी काठी माझ्याकडे दिली, दोन्ही हातांनी दोघींचे हात धरले आणि रस्ता मोकळा व्हायची वाट बघत उभ्या राहिल्या.