दगडीच्या बटणातून गळालेलं गाव

"जाधव, हे बघा. याला म्हणतात रिपोर्ट!"

मॅनेजर साहेबांनी केबिनमधल्या मोठ्या टीव्हीकडं बोट केलं आणि मी जळून खाक झालो. टीव्हीवर स्नेहलचा डॅशबोर्ड होता. निळे-हिरवे चौकोन, खाली तक्ता, बाजूला बटणं.

आमचा भूमजवळ दुधाचा प्लांट आहे. गावोगावी संकलन सेंटरं. मी इथला एमआयएसवाला, म्हणजे कुठून किती दूध आलं, कुठं जनावरं आजारी, याचे तक्ते करून साहेबांपुढं ठेवणारा. एक्सेलवर केस पांढरे झाले माझे. स्नेहल तुळजापूरची, पुण्याला शिकून आलेली, दिवाळीनंतर लागलेली. तिनं बीआय सॉफ्टवेअर आणलं. बीआय म्हणजे एक्सेलचाच शिकलेला भाऊ. बटण दाबलं की हवा तेवढाच तक्ता चाळून देतो. माझ्या तक्त्यांना साहेब "ठेवा तिथं" म्हणायचे. हिच्या तक्त्यासाठी टीव्ही घेतला. टीव्ही! माझ्या खुर्चीचं मोडलेलं चाक बदला म्हणून मी कधीचा ओरडतोय.

सगळ्यात भाव खाल्ला तो 'दगडी'च्या बटणानं. दगडी म्हणजे गाईची कास सुजून दगडासारखी घट्ट होते तो आजार. वेळेवर डॉक्टर आला नाही तर सड, म्हणजे आचळ, कायमचा जातो. सेंटरवाले रोज मोबाईलवर आपल्या गावातल्या आजारांवर टिक करतात. बटण दाबलं की दगडीची गावं समोर, आणि त्यावरून डॉक्टरच्या गाडीची फेरी ठरते. सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेब एक पाऊल पुढं जाणार होते. जिथं दगडी दिसत नाही, तिथली फेरीच बंद.

खरं सांगतो, मी त्या डॅशबोर्डकडं दिवस-दिवस बघत बसायचो. कौतुकानं नव्हे. सासू नव्या सुनेची भाकरी उलटून बघते तसा.

शुक्रवारी सकाळी रुक्मिणबाईचा फोन आला. शेजारच्या वाशी तालुक्यातलं एक सेंटर ती चालवते.

"जाधवदादा, डाक्टरची गाडी आमचं गाव इसरली का वं? दगडीनं लई बेजार केलंय. माझ्या जर्सीचा एक सड गेला, दुसऱ्यातनं रगत येतंय."

"मोबाईलवर भरता का पण?"

"रोज भरतीय की! म्या काय येडी हाय का?"

मी दगडीचं बटण दाबलं. तिचं गाव नाही. पुन्हा दाबलं. नाहीच. मग बटण सोडून मूळ तक्ता उघडला. तिच्या गावापुढं आजाराच्या एकाच खान्यात लिहिलेलं होतं: 'दगडी, गोचीड, उलटणं'. गाय गाभण राहत नाही त्याला आमच्याकडं उलटणं म्हणतात.

झालं काय होतं, तर सेंटरवाल्यांनी तीन आजारांवर टिक केलं की मोबाईल तिन्ही शब्द स्वल्पविराम देऊन एकाच खान्यात कोंबतो. आणि बटण शोधत होतं फक्त 'दगडी' असलेला खाना. बाजारात कांदा मागितला तर नुसत्या कांद्याची पिशवी दाखवायची, कांदा-बटाटा-मिरची असलेली दाखवायचीच नाही, तसला प्रकार. म्हणजे ज्या गावात आजार जास्त, नेमकं तेच गाव गायब.

मला काय वाटलं सांगू? आनंद! मनात उकळ्या फुटल्या. सोमवारी भर मीटिंगमध्ये उठायचं आणि अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणायचं, "साहेब, जरा हे बघता का?" ते वाक्य मी मनात घोळवूनसुद्धा बघितलं. लई गोड लागलं.

पण त्या जर्सीचा सड सोमवारपर्यंत थांबणार होता का? चरफडत उठलो आणि स्नेहलच्या टेबलापाशी गेलो.

"तुझ्या बटणातनं गावं गळायलीत."

तिनं तक्ता बघितला. तोंड उतरलं. "काका, मी 'इक्वल्स' लावलंय. थांबा, 'कंटेन्स' लावते."

इक्वल्स म्हणजे तंतोतंत तेवढाच शब्द. कंटेन्स म्हणजे खान्यात कुठंही असला तरी चालेल. तिनं बदल केला आणि रुक्मिणबाईचं गाव वर आलं. मागोमाग आणखी बरीच आली. पोरगी हसली. एवढ्यात सुटली? माझा जीव जळाला. मी यादी वाचायला घेतली.

"हे सेंटर कसं आलं? यांनी तर 'दगडी बरी झाली' यावर टिक केलंय. बऱ्या झालेल्या गाईंकडं गाडी पाठवती व्हय?"

तिनं खुर्ची पुढं ओढली. म्हणाली, "मग खानाच फोडते." स्वल्पविराम आला की तिथं तोडायचं, प्रत्येक आजाराची वेगळी ओळ करायची, आणि मग 'दगडी' तंतोतंत शोधायचं. पिशवी ओतून कांदा वेगळा, बटाटा वेगळा.

"आता एकूण गावं मोजलीस तर रुक्मिणबाईचं गाव तीनदा मोजलं जाईल," मी सोडतोय होय!

"डिस्टिंक्ट काउंट लावते, काका. एक गाव एकदाच."

काय तिची बोटं चालत होती! मला हे जन्मात जमलं नसतं. म्हणून आणखी जळालो.

स्नेहलनं नवी यादी डॉक्टरांना पाठवली आणि आधीच्या यादीत चूक होती एवढं साहेबांना कळवलं. गाडी दुपारीच वाशीकडं गेली. जर्सीचा पहिला सड गेला तो गेलाच. दुसरा वाचला.

सोमवारी साहेब सगळ्यांपुढं म्हणाले, "कुठल्याही गावाची फेरी बंद होणार नाही. आणि स्नेहलनं स्वतःची चूक स्वतः काढली, याला म्हणतात प्रामाणिकपणा."

स्नेहल उभी राहिली. "साहेब, चूक जाधवकाकांनी काढली."

"असं का? बरं, बरं. पण दुरुस्त किती झटक्यात केली बघा पोरीनं!"

धन्य आहे! मी टीव्हीकडं बघत बसलो.

मीटिंग संपली तशी ती लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली. "काका, हा फॅटचा नवा रिपोर्ट. साहेबांच्या आधी तुम्ही बघा."

"मीच का?"

"माझं कुठं चुकतंय ते तुमच्याइतकं जीव लावून बघणारं ऑफिसात दुसरं कोण हाय?"

घेतला लॅपटॉप.

तर या धंद्यातला माझा सल्ला एवढाच. एका खान्यात चार गोष्टी असतील तर आधी सुट्या करा, मग चाळा. आणि रिपोर्ट तपासायला मित्राला देऊ नका, तुमच्यावर जळणाऱ्याला द्या.

फॅटचा रिपोर्ट मी संध्याकाळपर्यंत वरखाली केला. एकही चूक निघाली नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.