जबड्याची मिसल

"मिसल पाहून सांगतो," असं म्हणण्याआधी आमचे पेशकार डावा तळहात गालाला लावायचे. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, ज्याला ऊन पडलंय का विचारलं तरी तो आधी मिसल, म्हणजे प्रकरणाच्या कागदांची फाईल, शोधतो. आमचे पेशकार, म्हणजे साहेबांपुढे कागद मांडणारे कारकून, त्यांतले बडे. नांदेडच्या तहसीलीत मी त्यांच्या शेजारी बसायचो. राज्य निजामाचं होतं, आणि ते शेवटाला आलंय हे आम्हांला कोणी कळवलं नव्हतं.

तळहाताचं कारण मात्र वेगळं होतं. त्यांचा जबडा दुखायचा, वर्षानुवर्षं. ज्वारीची भाकरी म्हणजे ह्या माणसाचा जीव की प्राण, पण एक घास चावला की कानापर्यंत कळ जायची. म्हणून डब्यात यायच्या ताकातल्या कण्या. आम्ही ठेचा-भाकरी खायला बसलो की ते तोंड फिरवून बसायचे. अंगावरची शेरवानी ढगळ होत चालली होती. मला बघवत नसे.

हकीम झाले, लवंगेचं तेल झालं, एक चांगली दाढही उपटून झाली. शेवटी सासुरवाडीला, लातूरला गेले, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या वैद्यांनी तोंडात पाहिलं.

"दात साबूत हायेत. दिवसभर काय चावून राहिले तुम्ही?"

"काही न्हाई."

"मग तेच लिहा. दुखलं की लिहायचं. आधी काय खाल्लं, कोणाशी बोललो, मनात काय आलं. लिहून झालं की दातावरचा दात सोडायचा."

वैद्यांना वाटलं, माणूस चार ओळी खरडेल. ह्यांनी मिसल उघडली. लाल फीत, मोहरेसाठी मोकळी जागा. फिर्यादी, डावा जबडा. आरोपी, अद्याप नामालूम.

मग रीतसर तहकीकात सुरू झाली. बायकोने बयान दिलं, हे झोपेत दात खातात. शेजाऱ्याने दिलं, आवाज येतो, पण आम्ही उंदीर समजत होतो. एके दिवशी माझीही पाळी आली.

"माझा जबडा तुमच्यासमोर कधी दुखला?"

"खरं सांगू?"

"मिसलीत घेता येईल एवढंच सांगा."

मी टाक दौतीत बुडवून पुढ्यातलं काम ओढलं. खरं कारण सगळ्या कचेरीला ठाऊक होतं. आमचे तहसीलदार रोज सकाळी पेशकारांना लोकांदेखत उभं करायचे. "ये किस गधे ने लिखा?" म्हणत त्यांचाच मसुदा त्यांच्याच हातांनी फाडायला लावायचे. पेशकार म्हणायचे, "बजा है, हुजूर," म्हणजे अगदी बरोबर. दुपारी तोच मसुदा जसाच्या तसा पुन्हा लिहून न्यायचे आणि तहसीलदार मुकाट सही करायचे. पेशकारांइतका चांगला मसुदा जिल्ह्यात दुसरा कोणी लिहीत नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

पण काय गंमत, लिहिण्याने गुण यायला लागला. लिहिताना आपले दात आवळलेले आहेत हे त्यांना कळायचं, मग ते सोडायचे. कण्या जाऊन भात आला, भातानंतर पोळीचा पापुद्रा आला. आणि पानोपानी सगळ्या नोंदी एकाच खोलीकडे, तहसीलदारांच्या, बोट दाखवायला लागल्या. आरोपी सापडला.

दुसरा कोणी असता तर त्याने कागद चुलीत घातले असते. पेशकार मला म्हणाले, "वरिष्ठाचं नाव मिसलीत घ्यायला वरिष्ठाची मंजुरी लागते."

"कोणत्या वरिष्ठाची?"

"त्यांचीच."

"अहो, नोकरी जाईल. पोरगी लग्नाची आहे तुमची."

"जाईल. पण अर्धी मिसल ठेवून मला झोप यायची न्हाई."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी इतर मिसलींच्या गठ्ठ्यात ती तहसीलदारांपुढे गेली. आम्ही सगळे एकदम कामात बुडालो. साहेब पान उलटत राहिले. त्या सकाळी कोणी गाढव झालं नाही.

"इसमें मेरा नाम लिखना है?"

"हुजूरची इजाजत असली तर."

साहेबांनी मंजूर केलं नाही आणि नामंजूरही केलं नाही. कचेरीत तिसराही रस्ता असतो. आठवड्याच्या आत पेशकारांची बदली लोहा गावच्या सरकारी धान्यगोदामावर झाली, प्रकृतीच्या कारणास्तव. त्यांच्या जागेवर मला बसवलं. बढती मिळाली म्हणून मी पेढे वाटले.

पुढच्या हिवाळ्यात कामासाठी लोह्याला गेलो, तर गोदामाच्या दारात पोत्यावर बसून हे गृहस्थ शिळी, कडक भाकरी दातांनी मोडत होते. करकर आवाज येत होता. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

"लोक म्हणतात, सजा झाली," ते म्हणाले. "इथं हुजूर म्हणायला माणूसच न्हाई. चिमण्या हायेत." लेकीचं लग्नही गोदामाच्या अंगणातच उरकल्याचं त्यांनी सांगितलं. मग अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

मी तुकडा तोंडात घातला आणि थांबलो. ते माझ्याकडे पाहत राहिले.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

त्यांनी नुसतं बोट दाखवलं. माझा तळहात माझ्या गालावर होता.

ते उठले, कोरा कागद काढला, वर माझं नाव घातलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बयान सांगा. कोणासमोर दुखतं?"

"मिसल पाहून सांगतो," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. कागदाची घडी करून त्यांनी माझ्या खिशात घातली.

आता ते राज्य गेलं, ते तहसीलदार गेले, परवा पेशकारही गेले. शेवटपर्यंत भाकरी खात होते म्हणे. माझ्या त्या कागदावर आरोपीची जागा अजून कोरी आहे, आणि मी कण्या खातो.