आवळून बांधलेली होडी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही, आईला तर नाहीच — ती गेली तेव्हा माझ्यावर खूश होती. दर दिवाळीला वाटतं की आता सांगून टाकावं. कारण दर दिवाळीला आमच्या महाराजपूरच्या घरी फराळाची ताटं पुढे आली की माझा धाकटा भाऊ संजू तीच गोष्ट काढतो. ताईमुळे मी कसा वाचलो, ही गोष्ट. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघतात. आणि मला असा संताप येतो की हातातली चकली भिरकावून द्यावी.

संताप कुणाचा, हे विचाराल तुम्ही. सांगते. पण थोडा वळसा घेऊन सांगू द्या — सरळ बोलायची हिंमत माझ्यात असती तर हे सगळं घडलंच नसतं.

आम्ही जबलपूरचे मराठी. कितव्या पिढीपासून, ते आता कुणालाच नीट सांगता येत नाही. समुद्र आमच्या घरात फक्त माझ्या नकाशांवर असतो, कारण मी शाळेत भूगोल शिकवते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. संजू रिछाईच्या एका कारखान्यात होता. कारखाना बंद पडला. त्याची बायको सुमन मालवणच्या पुढच्या एका खेड्यातली. आईवडील लहानपणीच गेलेले, मामांनी वाढवलेली, मामांनीच कन्यादान केलेलं. तिच्यासाठी माहेर म्हणजे ते एक मामा. तर संजूच्या डोक्यात आलं की आपण तिकडे जाऊ, लहानशी होडी घेऊ आणि किनाऱ्याजवळच मासेमारी करू. दोघांचं भागेल.

आम्ही हसलो. सगळ्यांत जास्त मी. ज्याने नर्मदेत कधी गळ टाकला नाही तो समुद्रात जाळं टाकणार? पण खरं सांगायचं तर तो नुसता बोलत नव्हता. काही महिने त्याने दुसरं काही केलंच नाही. किती लांबीची होडी दोन माणसांना वाळूवरून ओढता येते, काठ किती उंच हवा, इंजिन बिघडलं तर ते दुरुस्त करणारा जवळ कुठे मिळतो, कागदपत्रं काय लागतात, सगळं त्याने विचारून घेतलं. ‘ताई, सस्ती होडी नाही पाहून राहिलो मी,’ तो म्हणायचा, ‘झेपेल अशी पाहून राहिलो.’ ‘सस्ती’ आणि ‘झेपेल अशी’ यातला फरक ज्याला कळतो त्याला हसायचा अधिकार मला कुणी दिला होता?

तरी होडी बघायला जाताना त्याने सुमनबरोबर मलाही घेतलं. ताईची नजर बारीक, म्हणून.

तीन होड्या पाहिल्या. पहिली लाकडी, दिसायला देखणी, पण ती हलवायला चार माणसं हवीत आणि दर पावसाळ्याआधी तेल पाजायला हवं. दुसरी नवी कोरी, फायबरची, स्वस्त — पण पोटाला सपाट. खाडीत ठीक, बाहेर लाटेवर ती थाडथाड आपटणार. तिसरी मामांची. तीही फायबरची, निळी, वापरलेली. नाक निमुळतं, काठ चांगले उंच, मागे लहानसं इंजिन. मामांचे गुडघे गेले होते, म्हणून ती विकायची होती. संजू मामांबरोबर ती बाहेर नेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा असा होता की मी चटकन दुसरीकडे बघितलं. कारखाना बंद झाल्यापासून मी त्याला तसा पाहिलाच नव्हता. होडी हीच. ठरलं. सकाळी नारळ फोडायचा आणि व्यवहार करायचा.

आता मामांविषयी. मामा मला आवडले नव्हते. हा माणूस बोलायचा थांबतच नसे. स्वतःच्या होडीचं कौतुक, स्वतःच्या जाळ्याचं कौतुक, आणि मध्येमध्ये आम्हाला टोमणे. तुमची नर्मदा म्हणजे बादलीतलं पाणी, असं ते चारचौघांत म्हणाले आणि खो-खो हसले. सुमन हसली. संजूही हसला. मला मिरच्या झोंबल्या. नर्मदेच्या ग्वारीघाटावर मी लहानपणापासून नावेत बसलेय, नावाड्यांच्या हाताखाली नाव बांधायला शिकलेय — आणि मला हे पाणी शिकवणार?

संध्याकाळ व्हायला आली होती. धक्क्याच्या पायऱ्यांशी होडी लागली होती. मामा आणि संजू इंजिनाचे कागद बघायला घराकडे निघाले. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी बांधते. मामांनी जाता जाता मान वळवून सांगितलं, ‘ताईनू, दोरी सैल सोडा हां. पाणी उतरतला.’

ऐकलं होतं मी. नीट ऐकलं होतं. ऐकू आलं नाही असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय, पण ते खोटं आहे.

मी दोरी आवळली. धक्क्याच्या कडीपासून होडीच्या नाकाच्या कडीपर्यंत जेमतेम हातभर. दोन वेढे, वर घट्ट गाठ. होडी पायरीला चिकटून उभी राहिली, आमच्या घाटावर राहते तशी. छान दिसत होती. बघू दे त्यांना बादलीवाल्यांचं काम, असं मनात म्हटलं आणि गेले.

तुम्हाला कळलंच असेल. मलाही कळायला हवं होतं — मी भूगोल शिकवते हो. ज्वार-भाटा, म्हणजे भरती-ओहोटी, दरवर्षी फळ्यावर काढते, चंद्र, पृथ्वी, बाण, सगळं. मुलं वहीत उतरवून घेतात.

सकाळी सगळ्यांच्या आधी मीच धक्क्यावर गेले. पाणी काल होतं तिथेच होतं. तीच पायरी, तोच ओला काठ. फक्त होडी नव्हती. धक्क्याच्या कडीला माझी दोरी लोंबत होती, आणि दोरीच्या टोकाला होडीची कडी — भोवती तळहाताएवढा निळा तुकडा घेऊन. होडी थोडी पलीकडे खडकांत अडकली होती. नाकाशी भगदाड, पोट उभं चिरलेलं, आत पाणी, इंजिन बुडालेलं. समुद्र रात्री खाली गेला होता आणि होडी त्या हातभर दोरीला टांगली गेली होती. कडी तुटेपर्यंत लटकली असेल, मग खडकावर पडली असेल. आणि पहाट होईतो पाणी पुन्हा वर आलं होतं, जसं काही झालंच नाही.

आता ऐका. इथपर्यंत ती चूक होती. मूर्ख माणसाची, अहंकारी माणसाची, पण चूक. मी तिथेच बसून संजूची वाट बघितली असती तर आज मला तुमच्याशी हे बोलावं लागलं नसतं.

मी आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. मी धक्क्याच्या कडीवरची गाठ सोडली. ओली गाठ, बोटांची सालं निघाली. मग दोरी भरपूर सैल सोडून, लांब ठेवून, मी ती पुन्हा बांधली.

आणि घराकडे ओरडत गेले.

काय ओरडले तेही सांगते. की मी चांगली सैल बांधली होती, जाऊन बघा. कडीच कुजकी होती. आतून पोकळ झालेलं फायबर, वरून रंग फासलेला. आमच्या माथी मारत होते. माझ्या भावाला समुद्रात बुडवलं असतं या माणसाने. शब्द आठवतात मला. इतक्या सफाईने आले की माझं मलाच खरं वाटायला लागलं. भूगोलाच्या बाईला ओहोटी कळली नाही, असं कुणी हसू नये — बस, एवढ्यासाठी. याहून मोठं कारण असतं तर सांगितलं असतं. नाही. हे एवढंच आहे.

सगळे धक्क्यावर आले. मामांनी दोरी हातात घेतली. दोरी नवी होती, आणि जिथे माझी पहिली गाठ रात्रभर ताणली गेली होती तिथे ती चपटी झाली होती. होडीच्या तुटलेल्या कडीपासून जेमतेम हातभर. मामांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला. एकदा. मग माझ्याकडे बघितलं.

मला वाटलं, आता बोलणार. मी तयार होते, भांडायला.

ते म्हणाले, ‘आसात. होडी जुनी झाली.’

‘असेल’ — काहून म्हणाले असतील असं? हा प्रश्न मला पडायलाच नको, उत्तर मला त्याच क्षणी ठाऊक होतं. मी नवऱ्या मुलाची थोरली बहीण. ते मुलीकडचे. लग्नात याच माणसाने वाकून माझ्या पायांवर पाणी घातलं होतं. मुलीकडचा माणूस मुलाच्या बहिणीला चारचौघांत खोटं पाडत नाही, कारण त्याची मुलगी त्या घरात नांदायची असते. किती घाणेरडा रिवाज आहे हा. मी शाळेत यावर भाषणं दिली आहेत, टाळ्या घेतल्या आहेत. आणि त्या सकाळी मी त्या रिवाजाच्या आड जाऊन उभी राहिले, पदर सावरून, रागावलेला चेहरा करून.

होडीचं नुकसान मामांनी सोसलं. आम्ही त्याच दिवशी निघालो. संजूचा विश्वास उडाला — मामांवरचा, समुद्रावरचा, जरा जरा स्वतःवरचाही. आज तो जबलपुरातच कांचघरला एका पंपाच्या दुकानात उभा असतो आणि गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर होड्या बघतो. आमच्या घरात मामांचं नाव पडलं ‘फसवा मामा’. आईनेच पाडलं. सुमन त्यानंतर माहेरी गेलेली नाही. कुणी जाऊ नको म्हटलं नाही, पण फसव्याच्या घरी कशी जाणार? फोन आला की ती मागच्या अंगणात जाऊन बोलते. आणि दिवाळीला संजूने गोष्ट सुरू केली की ती काहीतरी आणायला म्हणून उठते आणि स्वयंपाकघरात जाते.

तर संताप कुणाचा, ते आता तुम्हाला सांगायला नको. पण थोडा संजूचाही येतो — इतक्या वर्षांत तुला एकदाही शंका येऊ नये का रे? इतका कसा विश्वास ठेवतो माणूस? हा राग किती नालायक आहे ते मला समजतं. तरी येतो.

या दिवाळीला त्याने गोष्ट संपवली आणि म्हणाला, ‘ताई, आमच्या पोरीचं शिक्षण झालं आता. मी पुन्हा होडी पाहून राहिलो. चलो, या वेळेस घेऊनच टाकू. पण तू चाल बरोबर. तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय मी घेत नाही.’

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुमन या वेळी उठली नव्हती. चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती.

‘येऊ देत की ताई,’ ती म्हणाली. ‘फक्त या वेळी दोरी मामांना बांधू दे.’

संजू हसला. अच्छा, म्हणजे मामांना माफ केलंस तू, असं काहीतरी म्हणाला. सुमनने त्याच्याकडे बघितलं नाही. नणंदेचं ताट रिकामं राहू नये म्हणून तिने वाकून माझ्या ताटात आणखी एक चकली वाढली.

मी ती खाल्ली.